पत्राचं पहिलं पान

परवा शिक्षकांच्या ग्रुपवर प्रमिला टेंभरेच्या सेवानिवृत्तीचा मेसेज पडला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. 'उपक्रमशील शिक्षिका.' 'विद्यार्थिप्रिय व्यक्तिमत्त्व.' 'आपणांस निरोगी दीर्घायुष्य लाभो.' फुलं, दिवे, केक. सगळ्यांत पहिले हात कोणी जोडले असतील? ज्या केंद्रप्रमुखांच्या अहवालामुळं ती तिच्या गावातून उचलून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला फेकली गेली, त्यांनीच. मी फोन सोफ्यावर आपटला. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

विद्यार्थिप्रिय म्हणे! ह्या लोकांनी तिला वर्गात कधी पाहिलं तरी होतं का? प्रमिला विद्यार्थ्यांवर ओरडायची. पालकांवर ओरडायची. माझ्यावर तर सकाळी गाडी स्टँडवर लावायच्या आधीच सुरू व्हायची. आम्ही दोघी गोंदियाला लागून असलेल्या कुडव्याच्या. माझ्या स्कूटीवर रोज बिरसीच्या पुढच्या तिच्या माहेरच्या गावी जायचो, चौथीपर्यंतची शाळा, आम्ही दोनच शिक्षिका. मागं बसून ती मला गाडी शिकवायची. "खड्डा हाय वो मंदे, दिसत नाई का? डोळे काय घरी ठेवून आली?" अकरा वर्षं मी त्याच रस्त्यानं जात होते, खड्डे मला तोंडपाठ होते, तरी ती ओरडायचीच.

एखाद्या दिवशी स्कूटी बिघडली की ऑटो. मग ऑटोवाल्याची खैर नसे. गोंदियात सगळं हिंदीतच चालतं, त्यामुळं प्रमिला भांडायचीही हिंदीतच, आणि ती हिंदी ऐकण्यासारखी असे. "भैया, छह सवारी बैठा दिया, सातवीं को क्या टप पे बांधोगे?" तो बिचारा सातव्याला उतरवायचा. उतरणारा माणूस आमच्याकडं रागानं बघायचा, मी दुसरीकडं बघायचे, आणि ती पदर खोचून ऐसपैस बसायची.

तिचे दुर्गुण आधीच सांगून टाकते, कारण आता तिला देवी करायची लाट आली आहे. ती माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता खायची. घेतलेला पेन परत द्यायची नाही. कोणाचे आभार मानायची नाही आणि कोणी तिचे मानले तर "बरं बरं, पुढं हो" म्हणायची. पण तिला एखादी गोष्ट येत नसेल तर ती तसं सांगायची. हे तिच्याइतकं स्पष्ट सांगणारा दुसरा शिक्षक मी पाहिला नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला चेतन नावाच्या पोरानं विचारलं, "बाई, समुद्र केवढा असते? नवेगावच्या तलावापेक्षा मोठा?" मी असते तर लगेच पृथ्वीचा किती भाग पाणी वगैरे सुरू केलं असतं. प्रमिला म्हणाली, "मले नाई ठाऊक. मी पाह्यला नाई. पाह्यला का सांगीन." पोरं तिच्याकडं बघतच राहिली. डोक्यावरून बिरसीच्या वैमानिक शाळेचं विमान घरघरत गेलं, ती ते जाईपर्यंत थांबली, कारण विमानाच्या आवाजावर आवाज चढवणं तिला कमीपणाचं वाटायचं. मग फळ्याकडं वळली.

ह्याच शाळेत ती पहिलीत बसली होती. तिच्या बसण्याची जागा ती अजून दाखवायची, दाराजवळचा कोपरा, जिथं पावसाळ्यात ओल यायची. "इथूनच सुरू झाली, इथूनच रिटायर होईन," असं ती दर पंधरा ऑगस्टला झेंडा उतरवताना म्हणायची. बाकी कशाची हाव तिला मी पाहिली नाही. बढती नको, पुरस्कार नको, गोंदियात घराजवळची शाळा नको. तेवढी एक शाळा शेवटच्या दिवसापर्यंत पाहिजे होती.

आता तांदळाचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू झालं असं मला वाटतं. पोषण आहाराचा तांदूळ यायचा त्यात सोंडे किडे फिरत असायचे. शिजला की भाताला कुबट वास. जेवणाआधी शिक्षकानं चव घ्यायची असते, वहीत तसं लिहायचंही असतं. बाकी शाळांमध्ये चव वहीतच घेतली जायची. प्रमिला पोरांच्या पंगतीत बसून ताटभर खायची आणि मग वहीत लिहायची, 'भात वाईट आहे.' तीनदा लेखी तक्रार केली. उत्तर नाही. धान पिकवणाऱ्या जिल्ह्यात, जिथं जाल तिथं राइस मिलचं धुराडं दिसतं तिथं, आमच्या पोरांच्या ताटात हा तांदूळ!

मग केंद्राची शिक्षण परिषद आमच्या शाळेत आली. आसपासच्या शाळांचे शिक्षक, वर केंद्रप्रमुख साहेब. जेवण यजमान शाळेचं. मला वाटलं प्रमिला घरून चिनोर तांदूळ आणेल, तिच्या भावाच्या शेतात मस्त पिकतो. तिनं स्वयंपाकीण बाईंना सांगितलं, पोत्यातलाच टाका. साहेबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. "टेंभरे मॅडम, हा तांदूळ कुठला?"

"तुमच्याच पोत्यातला सर. पोरं रोज खाऊन राहिले, तुम्ही एक दिवस खा."

कोणी हसलं नाही. आठवड्याच्या आत नवी पोती आली, हे सांगायलाच पाहिजे. आणि साहेबांनी त्या दिवसापासून प्रमिलाशी बोलताना हसायला सुरुवात केली, हेही.

तिचा खरा जीव होता तो शनिवारच्या पत्रात. दर शनिवारी परिपाठाला एक पत्र वाचायचं. पोरं पोस्टकार्डं लिहायची, मामाला, मावशीला, एसटीच्या ड्रायव्हरला, एकदा तर त्या विमानवाल्याला. उत्तरं क्वचित यायची. पण शाळेच्या पत्त्यावर आलेलं पत्र शाळेचं, मग ते कोणाच्याही नावाचं असो, सगळ्यांसमोर उघडायचं आणि वाचायचं, हा तिचा कायदा. माझ्या चुलत नणंदेच्या लग्नाची पत्रिका चुकून शाळेत आली, तीसुद्धा वाचली गेली. तिसरीतल्या पोरींनी त्यात शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या आणि प्रमिलानं मला सांगितलं, नणंदेला कळव.

तर त्या वर्षी तिचं नाव राज्य पातळीवरच्या प्रशिक्षणात आलं. कोकणातल्या एका गावी, सोमवार ते शनिवार. जायच्या आधी तीन दिवस ती कुरकुरत होती. "कायले जाऊ? तिकडं जाऊन टाळ्याच वाजवाच्या ना?" तरी गेली. शनिवारी सकाळी परिपाठाच्या वेळेला पोस्टमन आला. स्पीड पोस्टाचा लिफाफा, माझ्या नावाचा, शाळेच्या पत्त्यावर, अक्षर तिचं. पोरं उड्या मारायला लागली. नेमके त्याच वेळी केंद्रप्रमुख साहेब भेटीला आलेले, खुर्चीवर बसलेले.

पत्राची दोन पानं होती. पहिल्या पानावर मी भरभर नजर टाकली. त्यात सगळी प्रशिक्षणाची उणीदुणी होती, पोरांपुढं वाचण्यासारखं नव्हतं, म्हणून ते लिफाफ्यासकट पर्समध्ये टाकलं. दुसरं पान मोठ्यानं वाचलं. त्यातलं मला अजून बरंच पाठ आहे.

'पोराइले सांग, मी समुद्र पाहून राहिली. आत्ता, या घडीले. अक्षर वाकडं आहे तं वाऱ्यामुळं. चेतन, तलावाले पलीकडची पार असते, याले नाही. मी इकडून तिकडून पाह्यलं, नाहीच. पाणी जागेवर राहत नाही. येते, मागं जाते, पुन्हा येते, त्याले कोणी बसायले सांगतच नाही. चाखून पाह्यलं. वरणात दोघींनी दोनदा मीठ टाकलं तरी एवढं खारट होणार नाही. थू थू केलं तं बाजूची मासेवाली हासली. तिनं विचारलं, कुठून आलात? म्हटलं, गोंदिया. ते कुठं आलं म्हणे. म्हटलं, तुम्ही भात खाता ना, तो जिथं पिकते तिथं. तिनं चहा पाजला. पाण्यात उभी राह्यली तं पायाखालची रेती सरकते. मी अगं माय म्हणून ओरडली अना कोणी पाह्यलंही नाही. एक चप्पल समुद्रानं नेली. मग दुसरीही मीच देऊन टाकली, एका चपलीचं काय करू? मंदे, सकाळी निघताना असं काही ठरवलं नव्हतं. बस दिसली, चढली. आज दिवसभर कोणी मले काही विचारलं नाही अना मी कोणाले काही सांगितलं नाही. पंचावन्न वर्षांची झाली, असा दिवस मले पहिल्यांदा भेटला.'

पोरं चपलीवर इतकी हसली की दोघं तिघं खाली लोळली. चेतननं दोनदा विचारलं, "पार नाहीच? खरंच नाही?" साहेबही हसत होते. "वा! फारच छान उपक्रम आहे," म्हणाले. "द्या ते पान, फोटो काढतो, ग्रुपवर टाकू. इतर शाळांनी बोध घ्यावा." मी ते पान त्यांच्यासमोर टेबलावर सरळ करून धरलं. वाऱ्यानं कोपरा उडत होता म्हणून वर खडूचा डबा ठेवला. इतकी मी मूर्ख.

फोटो ग्रुपवर कधीच आला नाही. तीन आठवड्यांनी प्रमिलाला कारणे दाखवा नोटीस आली. प्रशिक्षण कालावधीत मंगळवारी विनापरवानगी अनुपस्थित राहून समुद्रकिनारी मौजमजा केली, सोबत पत्राची छायाप्रत.

आता पहिल्या पानावर काय होतं ते सांगते. मंगळवारी प्रशिक्षण झालंच नव्हतं. शिकवणारे आलेच नाहीत. तिथल्या माणसानं सांगितलं, दोन्ही वेळच्या सह्या करून टाका आणि जेवणापर्यंत हॉलमध्ये थांबा. साठ शिक्षकांनी सकाळची आणि संध्याकाळची, दोन्ही सह्या सकाळीच केल्या आणि कोणी बाजारात गेलं, कोणी खोलीवर झोपलं. प्रमिला म्हणाली, जे झालं नाही त्याची सही मी करणार नाही. तिनं रकाना रिकामा सोडला. बाहेर आली, समोर बस उभी होती. हे सगळं तिनं त्याच दिवशी लिहिलं होतं, आणि लिफाफ्यावर त्याच दिवसाचा पोस्टाचा शिक्का होता.

साठ जण हजर आणि जी एकटी खरं वागली ती गैरहजर! तेव्हा मला जो राग आला तो अजून जिरलेला नाही. त्या साठांपैकी आपल्या जिल्ह्यातल्या दोघांना मी फोन केले. एक म्हणाला, "मॅडम, आमचं नाव यात घेऊ नका." दुसरीनं तर, "टेंभरे मॅडमनी सही करायला काय हरकत होती?" असं मलाच विचारलं. ह्याच बाईंनी परवा ग्रुपवर केकचं चित्र टाकलं आहे.

लोकांनी प्रमिलाला वाट दाखवली. तब्येत बिघडली होती असं लिहून द्या, दवाखान्याचा कागद आणू, प्रकरण मिटेल. मीसुद्धा सांगितलं. तिच्या स्वयंपाकघरात बसून तास दीड तास विनवलं.

"तब्येत चांगली होती माही," ती म्हणाली. "तेवढी चांगली तं कधीच नव्हती."

"अगं, एक ओळ लिहायची आहे. शाळा जाईल तुझी."

"मी लिहिलं ना त्याइले. शिकवणारे आले नाई म्हणून गेली. एक दिवसाची रजा कापा म्हटलं. अजून काय लिहू?"

"पुरावा काय त्याचा? त्यांच्या कागदावर सगळे तास झालेत."

ती कणीक मळत होती. थांबली नाही. "तुह्याजवळ पत्र हाय ना?" म्हणाली. मी "हो" म्हटलं. तिच्या दृष्टीनं तो विषय तिथंच संपला.

जबाब नोंदवायला मला बोलावलं. केंद्रप्रमुखांकडंच प्राथमिक चौकशीचं काम आलं होतं. मी पहिलं पान आणि लिफाफा पर्समध्ये घेऊन गेले. सगळं ठरवून गेले होते, रस्ताभर वाक्यं जुळवली होती. साहेब गोड बोलले, चहा मागवला.

"हे पत्र तुम्हालाच आलं ना?"

"हो."

"अक्षर टेंभरे मॅडमचंच?"

"हो. पण सर, त्या दिवशी तिथं..."

"जेवढं विचारलं तेवढंच सांगा मॅडम. तुम्ही होता का तिथं? नाही ना? त्यात समुद्रावर गेल्याचं लिहिलंय?"

"लिहिलंय."

"बस. एवढंच." मग समोरचे कागद नीट लावता लावता म्हणाले, "तुमचाही अर्ज आहे ना माझ्याकडे? कुडव्याजवळची शाळा मागितली आहे. शिफारस करायची राहिलीय."

पर्स मांडीवर होती. माझा हात चेनवर होता, चेन अर्धी उघडलीही होती. घरी सासूचं दुखणं होतं, रोजची जाण्यायेण्याची दगदग होती, हे सगळं खरं आहे. पण मी ती कारणं तेव्हा आठवली नाहीत, नंतर शोधून काढली. तेव्हा मी फक्त घाबरले होते. मी चेन लावली, टाइप केलेल्या चार ओळींखाली सही केली आणि चहा पिऊन आले. चहा पिऊन! त्या साठांवर मी इतकी का चिडते ते आता कळलं असेल.

दोन आदेश एकाच दिवशी निघाले. प्रमिलाला दिलेली शाळा बसनं जायला साडेतीन तास, तिथं खोली करून राहायला पाहिजे. मला दिलेली घरापासून स्कूटीवर दहा मिनिटं.

तिनं कार्यभार सोपवला त्या दिवशी शाळेत काही समारंभ केला नाही, करू दिला नाही. पोरांना पाढे घेतले, शेवटच्या तासाला दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन खाली बसली आणि तिथूनच दुसरीच्या पोरीला वाचायला लावलं. घंटा झाल्यावर पेटी आणि वळकटी घेऊन फाट्यावर आली. मी स्कूटीवर मागोमाग गेले. "गोंदियाच्या स्टँडपर्यंत सोडते," म्हटलं. ती म्हणाली, इथूनच बस मिळते.

आम्ही दोघी पिंपळाखाली उभ्या राहिलो. बांधापलीकडं धानाची रोवणी चालली होती, बाया वाकून गात होत्या. शेवटी मीच म्हटलं, "माझ्यामुळं झालं हे. मी वाचायलाच नको होतं."

"वाचलं त्याचा राग नाई," ती म्हणाली. "ते पोराइसाठीच लिहिलं होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पहिलं पान कुठी हाय?"

"माझ्याकडे."

"जबाबाच्या दिवशी कुठी होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "पर्समध्ये," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. मी वाट बघत होते. साहेबांना, ऑटोवाल्यांना, पालकांना, मला, साऱ्यांना तोंडावर झापणारी बाई, आता तिनं मला रस्त्यावर उभं करून शिव्या घालाव्यात, पिंपळावरचे कावळे उडतील एवढं ओरडावं, असं मला मनापासून वाटत होतं. "बोल ना काहीतरी," मी म्हटलं. "प्रमिले, शिव्या दे मला."

"कायले?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. अनोळखी माणसानं रस्ता विचारला की त्याच्याशी बोलायची तसा.

बस आली. पेटी चढवायला मी हात लावला तर तिनं लावू दिला, मागं ढकललं नाही. पायरीवर एक पाय ठेवून ती वळली.

"बरं मॅडम, येतो," म्हणाली आणि आत गेली.

अकरा वर्षांत तिनं मला एकदाही मॅडम म्हटलं नव्हतं.